मास्तरांच्या वेणीची बॅग

मी एक पंचिंग बॅग बोलतेय. तुरुंगाच्या व्यायामशाळेत साखळीला लटकून मार खाणं एवढंच माझं काम. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

माझा जन्म इथल्याच शिवणखात्यातला. अंग फाटक्या ताडपत्रीचं आणि पोटात कैद्यांच्या जुन्या कपड्यांच्या चिंध्या. मला शिवलं मास्तरांनी. मास्तर बाहेरही शिंपीच होते. एका भांडणात हात उगारला आणि सात वर्षांची शिक्षा घेऊन आले. तोच हात ते रोज सकाळी माझ्यावर रिकामा करत, आणि शिवण उसवली की स्वतःच दाभण घेऊन बसत.

शिवणखात्यात कात्री एकच, तीही हवालदाराच्या कमरेला साखळीने बांधलेली. दोरा कापायचा तर त्याला हाक मारावी लागे. मास्तरांचा स्वभाव भिडस्त. ते हाक मारत नसत. उरलेल्या दोऱ्यांची बोटभर वेणी घालून गाठ मारत. माझ्या कडेला तशी लाल दोऱ्याची वेणी आहे.

मास्तरांना एक मुलगी. बाबा बोटीवर कामाला आहेत, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं. मास्तरांनी इथेच शिवलेलं एक दप्तर, बोटीवरून आलं म्हणून, तिला पोचतंही केलं होतं.

मग एकदा सिनेमावाले आले. तुरुंगातल्या बॉक्सरची गोष्ट होती. त्यांनी येताना चकचकीत बॅग आणली होती, पण दिग्दर्शकाने मला पाहिलं आणि म्हणाला, हीच लटकू दे, हिने खरा मार खाल्लाय. हिरो माणूस चांगला, पण मला मारी असा, की जणू उशी थोपटतोय. शेवटी हवालदाराने मास्तरांना पुढे केलं.

मास्तर आधी नाहीच म्हणाले. मग एका अटीवर तयार झाले: चेहरा दिसता कामा नये. मुलीने पाहिलं तर बोट तिथल्या तिथे बुडणार. दिग्दर्शकाने शब्द दिला आणि पाळलाही. पडद्यावर फक्त पाठ, हात आणि मी. चेहरा लपवायचं सगळ्यांनी लक्षात ठेवलं. मला लपवायचं कुणालाच सुचलं नाही.

सिनेमा लागला. पुढच्या भेटीच्या दिवशी मास्तरांच्या बायकोबरोबर पहिल्यांदाच मुलगीही आली. परत आल्यावर मास्तर माझ्याजवळ दाभण घेऊन बसले, पण दोरा काही ओवला जाईना.

"काय झालं, मास्तर?" हवालदाराने विचारलं.

"पोरीने दप्तर टेबलावर ठेवलं. त्यालाही हिच्यासारखीच लाल वेणी. ती बोटांत धरली आणि म्हणाली, बाबा, बोटीवर ठोसे मारायच्या बॅगा पण शिवतात का?"

हवालदार हसणार होता, पण त्याने मिशीवर हात ठेवला. "मग?"

"मग काय. खरं सांगितलं सगळं. हात उगारल्यापासून." मास्तरांनी दोरा पुन्हा ओला केला. "ऐकून घेतलं तिने. रडली नाही. एवढंच म्हणाली, बसने चाळीसच मिनिटं लागतात, बाबा."

त्यानंतर ती दर भेटीला आली. मास्तर त्या दिवशी माझ्याकडे फिरकत नसत.

दोन महिन्यांपूर्वी ते सुटले. जाताना सगळ्यांशी बोलले, आणि शेवटी माझ्याजवळ येऊन सैल झालेली वेणी सोडून पुन्हा घट्ट घातली. आता माझ्या जागी सिनेमावाले ठेवून गेले ती नवी बॅग आहे. मी कोपऱ्यात, नवशिक्यांसाठी. पोट खाली लोंबलंय, एका बाजूने चिंध्या दिसतात.

मी चुगली केली, असं हवालदार गमतीने म्हणतो. केली असेन. तुम्ही कधी इथे आलात तर मला खुशाल ठोसे मारा. शिवण उसवली तर जमेल तसे टाके घाला. फक्त दोरा लोंबतोय म्हणून कुणी कात्री मागितली, तर हवालदारसाहेब, ती तुमच्या कमरेलाच राहू द्या.