तीनशे एकाहत्तरवरची चिठ्ठी

गुरुजींनी ग्रंथात कलम तीनशे एकाहत्तरचे पान उलटले, त्यावर चिकटवलेली चिठ्ठी तळहाताने सपाट केली आणि ग्रंथ टेबलाच्या पलीकडे सरकवला.

"वाचा, हणमंतराव. मोठ्याने."

"पाठ हाय की, गुरुजी. विकास मंडळांसाठी राज्यपालांची विशेष जबाबदारी ठरवून राष्ट्रपतींनी तशी तरतूद करावी." हणमंतरावांनी ग्रंथाकडे पाहिलेही नाही. "गावोगाव हेच सांगून राहिलो. करावी म्हंजे करावीच. तुमीच शिकवलंय."

हणमंतराव हदगाव तालुक्यातले शेतकरी. त्यांच्या गावच्या ओढ्यावर पुलाचे दोन खांब उभे होते; वर पूल नव्हता. तो पूल मराठवाडा विकास मंडळाच्या यादीत होता, असे ते सांगत. दोन हजार वीसच्या एप्रिलमध्ये मंडळाची मुदत संपली, ती पुढे वाढली नाही, आणि यादी कोणत्या कपाटात गेली हे त्यांना कोणी सांगितले नाही. मंडळ पुन्हा नेमावे म्हणून त्रेचाळीस गावांचा पाठिंबा घेऊन ते नांदेडच्या या वाचनालयात आले होते. चार दिवसांवर सतरा सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन. ध्वजवंदन झाले की पालकमंत्र्यांच्या हाती निवेदन द्यायचे ठरले होते.

मसुदा लातूरच्या शिवकांता या तरुण वकिलाने केला होता. मूळ वचन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उद्धृत करायचे नाही, हा तिचा नेम. म्हणून ती सकाळच्या बसने आली होती.

तिच्यापुढे होती ती संविधानाची १९५० साली छापलेली इंग्रजी प्रत. वाचनालयाचे पहिले ग्रंथपाल चंद्रप्पा मास्तर यांनी त्या प्रतीसाठी एक रीत घालून दिली होती. घटनादुरुस्ती झाली की नवा मजकूर मराठी करून पातळ कागदावर लिहायचा आणि जुन्या मजकुरावर एकाच कडेने चिकटवायचा. पोथीतल्या चुकलेल्या अक्षरावर लेखक पिवळा हरताळ लावून ते झाकून टाकीत. इथे हरताळ नको, असे मास्तर म्हणत. चिठ्ठी उचलली की खालचे दिसले पाहिजे. १९६८ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, हे काम गुरुजींकडे, म्हणजे राघवेंद्ररावांकडे, आले, आणि मागे राहून गेलेल्या दुरुस्त्याही त्यांनीच लिहून काढल्या. दिवसा शाळेत संस्कृत शिकवीत, सायंकाळी बोरू घेऊन इथे बसत. मालमत्तेचा मूलभूत हक्क गेला ती चिठ्ठी, उद्देशिकेत नवे शब्द आले ती, मतदाराचे वय एकविसावरून अठरा झाले ती. चिठ्ठ्या साचून ग्रंथ दुप्पट जाड झाला होता. अक्षर असे, की शिक्षक मुलांना मुद्दाम ते दाखवायला आणीत.

शिवकांताने चिठ्ठी वाचली. मग मोबाइल काढून त्यात काही वाचले, आणि पुन्हा चिठ्ठी वाचली.

"गुरुजी, यात 'करावी' आहे."

"आहेच."

"शासनाच्या मराठी प्रतीत 'तरतूद करता येईल' असं दिसतंय."

गुरुजींनी चष्मा काढला.

"मोबाइलमध्ये दिसते ते तू मला सांगतेस? गावांची नावे धड नसतात त्यात. माझ्या हिमायतनगरच्या भाच्याला त्यातल्या नकाशाने एकदा तेलंगणात नेऊन सोडले. एका क्रियापदात या प्रदेशाचा सगळा आधार आहे, आणि तेच कोणीतरी निष्काळजीपणे बिघडवून ठेवले आहे. अक्षराला जपायचे असते, याची लाज कोणाला उरलेली नाही."

"असेल, गुरुजी. पण छापील प्रत असेल तर एकदा पाहू."

छापील प्रत होती. लोखंडी कपाटाची किल्ली सापडायला वेळ लागला, कारण ते कपाट क्वचितच कोणी उघडी. शासनाने काढलेली मराठी आवृत्ती तिथे नवी कोरी पडून होती. तिची पाने अजून एकमेकांना धरून होती. चिठ्ठ्या असताना तिची गरज कोणाला पडली नव्हती. गुरुजींनी उभ्यानेच कलम काढले. त्यांचे बोट ओळीवरून पुढे गेले, थांबले, मागे आले आणि तिथेच राहिले.

"काय म्हनतंय?" हणमंतरावांनी विचारले.

गुरुजी खुर्चीवर बसले.

"करता येईल."

"म्हंजे?"

"म्हणजे वाटलं तर करतील," शिवकांता म्हणाली. "नाही वाटलं तर नाही. सक्ती नाही."

हणमंतराव थोडे हसले. "मी घरी 'लुगडं घेता येईल' म्हनलो की आमची विमल दुकानात जाऊन बसती. तिला कुनी सांगितला न्हाई हा कायदा." मग ते हसायचे थांबले. "गुरुजी, पन ही चिठ्ठी तर तुमचीच."

"माझीच. इंग्रजीत 'मे' होते. 'मे' म्हणजे विध्यर्थ, असे आम्हाला शाळेत घोकवले होते. संस्कृतात विध्यर्थ म्हणजे 'कुर्यात्', 'करावे', आणि शास्त्राने कुर्यात् म्हटले की ते केलेच पाहिजे. न करणे हा दोष." त्यांनी चष्म्याची काडी मिटली, उघडली. "मला एकदाही शंका आली नाही. मी शास्त्र वाचत होतो, हणमंतराव. लिहीत मात्र कायदा होतो."

"पंचवीस साल तुमचं अक्षर घेऊन फिरलो मी. भिंतीवर लिव्हलंय गावात. हापिसातले सायब आयकून घ्यायचे अन् गालात हसायचे. मला वाटायचं, त्यांना शरम वाटून राहिली." हणमंतरावांनी उपरणे झटकून खांद्यावर टाकले. "त्यांना म्हाईत व्हतं. आमालाच न्हवतं."

शिवकांताने हलक्या हाताने चिठ्ठीची मोकळी कड उचलली आणि खालचा १९५०चा मजकूर वाचू लागली.

"गुरुजी, याच्या खाली काय होतं, आठवतं?"

"'ब' वर्गातली राज्ये. आपले हैदराबाद त्यात होते. दहा वर्षे त्यांच्या सरकारांवर राष्ट्रपतींचे सर्वसाधारण नियंत्रण."

"नियंत्रण 'असता येईल' नाही म्हटलेलं. इंग्रजीत 'शॅल' आहे, म्हणजे 'राहील'. इथं सक्ती आहे."

गुरुजींनी ग्रंथ स्वतःकडे ओढला. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"बांधायचे होते तेव्हा 'राहील'," ते सावकाश म्हणाले. "द्यायचे झाले तेव्हा 'येईल'. एकाच कलमात, एकाच जागी. आणि त्या 'येईल'वर मी माझ्या हाताने 'करावी' घालून ठेवले. सरकारला वाटायला हवी होती ती लाज माझ्या अक्षराने झाकली."

"ही चिठ्ठी काढून टाकू या का?" शिवकांताने विचारले. "दुसरी लावली की झालं. कोणाला कळायचंही नाही."

"चंद्रप्पा मास्तरांनी कोणाची चूक काढून टाकली नाही. माझी तेवढी काढायची?"

त्यांनी खण उघडून पातळ कागद घेतला, तो आखला, बोरू शाईत बुडवला. दोन अक्षरे झाली की ते थांबत. 'तरतूद करता येईल' हे शब्द लिहायला त्यांना पहिल्या संपूर्ण चिठ्ठीइतका वेळ लागला असावा. खाली त्यांनी तारीख घातली, आणि जे आजवर कोणत्याही चिठ्ठीवर घातले नव्हते, ते स्वतःचे नाव. मग डाव्या कडेला खळ लावून ती जुन्या चिठ्ठीवर चिकटवली आणि वर पितळी ठोकळा ठेवला.

हणमंतराव दारापाशी उभे होते. "मंग आता निवेदनात काय लिव्हायचं? संविधान म्हनतं, जमलं तर बघा?"

"मसुदा द्या."

शिवकांताने कागद पुढे केले. पहिल्या पानावर ठळक टंकलेले 'संविधानाची आज्ञा आहे की' हे शब्द गुरुजींनी स्वतः खोडले आणि तिथे संविधानातले 'तरतूद करता येईल' हे शब्द जसेच्या तसे लिहिले. मग शेवटचे पान काढले. तिथे प्रत्येक निवेदनात असते तसे वाक्य होते: 'तरी मराठवाडा विकास मंडळाची तातडीने तरतूद करावी, ही नम्र विनंती.' ते त्या वाक्याकडे बराच वेळ पाहत राहिले. 'करावी'नंतरच्या तीन शब्दांवरून त्यांनी एक सरळ रेघ ओढली.

"गुरुजी, निवेदनात असं चालत नाही," शिवकांता म्हणाली.

"व्याकरणाला चालते." त्यांनी बोरू पुसून ठेवला. "वेदातल्या विधीला, आज्ञेला, सांगणारा लागत नाही. या विधीला लागतो. तो मी संविधानात शोधत बसलो. हणमंतराव, पहिली सही तुमची ना?"

"हाव."

"मग पाठ म्हणू नका. इथे बसून वाचा."

हणमंतराव येऊन बसले. अक्षरांखाली बोट फिरवीत, एकेक शब्द सुटा करून त्यांनी वाक्य वाचले आणि 'करावी'वर बोट थांबवले.

"फुडं?"

"पुढे पूर्णविराम आहे," गुरुजी म्हणाले.