तात्यारावांच्या गाडीची बाधा

कर्वेनगरातल्या त्या सोसायटीच्या वार्षिक सभेला कधी जमली नाहीत एवढी माणसं रविवारी सकाळी पार्किंगमध्ये जमली होती. अध्यक्ष तात्यारावांच्या गाडीला बाधा झाली होती. गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी मेलेली. नवी बॅटरी घातली, तर तीही मेली. म्हणून वाहनदोषनिवारक साईनाथ महाराज तिसऱ्यांदा आले होते.

बॉनेट उघडं, त्यावर लाल कापड आणि कापडाखाली डोकं खुपसलेला चेला.

"राहूने प्लस प्यायला, केतूने मायनस!" महाराज गरजले. "तात्याराव, चावी फिरवा!"

गाडी घुरघुरली. टाळ्या पडल्या. मग महाराजांनी डोळे मिटून बोट रोखलं ते थेट वॉचमन दशरथवर.

"गाडीशेजारी खुर्ची टाकून बसतो कोण? मूठ यानेच मारली!"

भंडाऱ्याहून आलेला दशरथ आठ वर्षं या फाटकावर होता. तो पांढरा पडला. "मी गाडीले हात बी नाही लावला जी."

"उद्यापासून येऊ नकोस," तात्याराव त्याच्याकडे न बघताच म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावरच्या आनंदी गजभिये आयटीआयमध्ये वीजकाम शिकवत. आधीचे दोन्ही तमाशे त्यांनी गॅलरीतून चहा पीत, हसत पाहिले होते. आज मात्र हसू आटलं. आपण तेव्हाच खाली यायला हवं होतं, हे मनाला लागलं. त्या उतरल्या, गाडीजवळ गेल्या आणि त्यांनी सरळ कापड उचललं.

बॅटरीला एक लाल, एक काळा चिमटा. वायरी चेल्याच्या झोळीत गेलेल्या.

"ही शक्तिपेटी आहे," महाराज म्हणाले.

"याला जंप स्टार्टर म्हणतात. बॅटरी मेलेली असली तरी याच्या विजेवर गाडी सुरू होते. ऑनलाइन मिळतो. मंत्र वेगळा घ्यावा लागतो का?"

कुणीतरी फिसकन हसलं. तात्याराव मात्र अडून बसले. "ते असू द्या हो. पण बॅटरी का उतरते, ते सांगा!"

प्रश्न रास्त होता. आनंदीबाईंनी वीज मोजायचा मल्टिमीटर आणला. गाडी बंद करून दारं लावायला सांगितली, चिमटे काढले, बॅटरीची काळी वायर सोडवली आणि मधे मीटर जोडला. "आता अर्धा तास थांबायचं. गाडीतली यंत्रणा झोपू दे."

"गाडी झोपते म्हणे!" महाराज खदखदले. "आणि मी थापाड्या!"

अर्ध्या तासाने मीटरवर ०.८ अँपिअर दिसत होता. बंद गाडी एवढी वीज ओढत राहिली, तर बॅटरी दोन दिवसांत रिकामी. आनंदीबाई बॉनेटखालच्या पेटीतला एकेक फ्यूज काढत, मीटर बघत आणि फ्यूज परत लावत गेल्या. सहावा फ्यूज निघाला आणि आकडा ०.०३ वर घसरला.

"हा आतल्या दिव्यांचा फ्यूज. वीज इकडेच जातेय. पण काचेतून तर सगळा अंधार दिसतोय."

त्यांनी फ्यूज आणि वायर परत जागेवर बसवली, मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो डिकीत ठेवला आणि झाकण लावलं. मिनिटभराने मोबाइल बाहेर काढून सगळ्यांपुढे धरला. बंद डिकीत दिवा लख्ख पेटलेला होता. झाकण लागलं की दिवा विझवणारा कुलपातला स्विच मोडला होता.

"मी तेच म्हणत होतो," महाराज म्हणाले, "आत काहीतरी जागं आहे!"

"आपण निघा," तात्याराव म्हणाले. "आणि झोळी सांभाळा, चिमटे आपापसात टेकले तर साक्षात्कार होईल."

महाराज गेले. तात्याराव दशरथपुढे येऊन उभे राहिले. कपाळ पुसलं. "चुकलो. माफ करा." 'अहो' म्हणायची सवय नव्हती, तरी म्हणाले, "अहो दशरथ, उद्या या."

दशरथने मान हलवली. मग आपली खुर्ची उचलून त्याने गाडीपासून लांब नेऊन ठेवली.

ते पाहून आनंदीबाई जमलेल्यांकडे वळल्या. "बिघाड सापडायला तासभर लागला. दोष माणसावर ढकलायला तुम्हाला मिनिटही लागलं नाही. कुणी चमत्कार दाखवला तर आधी कापड उचला. आणि कारण कळत नसेल, तर कळत नाही म्हणा. त्यात कमीपणा नाही."