प्रोसेसरचं कुंकू

मीनाबाईंच्या घरात नवं यंत्र आलं की आधी हळद-कुंकू, मग बटण. ट्रॅक्टरला लावलं, विहिरीच्या मोटारीला लावलं, मिक्सरलाही सोडलं नाही. त्यामुळे त्यांचा मुलगा धीरज जुना लॅपटॉप उघडून त्यात शहाद्याहून आणलेला नवा प्रोसेसर बसवायला बसला, तेव्हा मीनाबाईंच्या हातात कुंकवाची कोयरी आपसूकच आली.

खटाटोप चालला होता मोहिनीसाठी. धीरजच्या या बहिणीची दुपारी चारला पुण्याच्या एका बियाणं-कंपनीत ऑनलाइन मुलाखत होती. चाळीस मिनिटं, कॅमेरा चालू, सोबत पडद्यावर परीक्षा. मोबाइल चालणार नाही. आणि लॅपटॉप एवढा थकलेला, की व्हिडिओत माणसाचं तोंड आधी हलायचं आणि आवाज सावकाश यायचा.

धीरजनं प्रोसेसर बसवला, त्यावर पेस्ट लावली आणि उष्णता ओढणारी तांब्याची पट्टी वर नुसती टेकवली. तेवढ्यात त्याचे वडील रूपचंदभाऊ ओट्यावरून ओरडले, “धीरज, लाईट उनी! मोटर चालू कर!” शेतीची वीज आली की केळीच्या बागेपुढे प्रोसेसरला कोण विचारतो? तो पळाला. मीनाबाईंनी पट्टी हळूच उचलली, प्रोसेसरला हळद-कुंकू लावलं, दोन अक्षता वाहिल्या, हात जोडले आणि पट्टी होती तशी ठेवून दिली. पोरानं परत येऊन स्क्रू पिळले.

लॅपटॉप झोकात चालू झाला आणि सातव्या मिनिटाला बंद पडला.

पुन्हा चालू केला, पुन्हा सातच मिनिटं. धीरजनं चार्जर बदलला, बॅटरी काढून घातली, पंख्यातली धूळ फुंकली. रूपचंदभाऊंना जगातला प्रत्येक बिघाड ट्रॅक्टरचाच वाटतो. “तापी ऱ्हायना तो. ओला पंचा टाक वर,” असं म्हणून ते खरंच पाणी गळणारा पंचा घेऊन आले. तो त्यांच्या हातून सोडवण्यात आणखी पाच मिनिटं गेली. मोहिनी नवा ड्रेस घालून भिंतीशी बसली होती. ती रडत नव्हती, आणि मीनाबाईंना तेच बघवेना.

साडेतीन वाजले. धीरजचं डोकं लॅपटॉपपेक्षा जास्त तापलं होतं. “त्या शहादाना दुकानवालानी माले फसाडं! मी तर इतकं साफ बसाडेल शे. चिप नि पट्टीना मधमां केससुद्धा ऱ्हावाले नको!”

मीनाबाईंनी मनातल्या मनात केसाची जाडी धरली. मग तांदळाची. तांदूळ बारीक कोलम होता, पण केसापेक्षा जाडच.

“उघाड ते,” त्या म्हणाल्या. “आतमां मी कुंकू लावेल शे.”

स्क्रू निघाले. राखाडी पेस्टमध्ये लाल-पिवळा चिखल झाला होता आणि पट्टीच्या एका कोपऱ्याखाली तांदळाचा दाणा ऐटीत बसला होता.

“बरं व्हयनं,” रूपचंदभाऊ म्हणाले, “नारय नही फोडं.”

धीरजनं फडकं उचललं.

“पुसू नको!” मीनाबाई किंचाळल्या. सवाष्णीच्या घरात कुंकू पुसायचं नाव कोणी काढत नाही, आणि पोरीच्या अशा दिवशी तर नाहीच.

“माय, नही पुसं तर चालाव नही!”

मीनाबाईंनी मोहिनीकडे पाहिलं. मग प्रोसेसरवर बोट फिरवून निघालं तेवढं कुंकू उचललं आणि पेस्टसकट लेकीच्या कपाळावर टेकवलं. “पुसं नही. जागा बदली. आते कर साफ.”

धीरजनं उरलेला चिखल काढला, नवी पेस्ट लावली, पट्टी बसवली. चारला दोन मिनिटं कमी असताना लॅपटॉप सुरू झाला आणि मोहिनीनं दार लोटून घेतलं. बाहेर मीनाबाई घड्याळाला डोळे लावून बसल्या. सातवं मिनिट आलं तेव्हा त्यांनी श्वास रोखला. आठवं आलं, विसावं गेलं, चाळीस झाली.

मोहिनी बाहेर आली. कपाळावरचा टिळा लालसर चंदेरी चमकत होता.

“काय इचारं त्यास्नी?”

“पहिलं हाईच इचारं, कपाळले काय शे?”

“मंग? तू काय सांगं?”

“सांगं, आमना घरमां नवं मशीन चालू करानं आगोदर माय पूजा करस.” मोहिनी हसायला लागली. “सोमवारले पुण्याले बलायेल शे, माय.”

मीनाबाईंचे डोळे भरून आले. एका हातानं पदर डोळ्यांना लावत त्यांनी दुसरा हात कोयरीकडे नेला. धीरजनं धावत जाऊन लॅपटॉप पोटाशी कवटाळला.