बरोबरच्या खाली बरोबर

मी खिळे जुळवायची पट्टी बोलतेय. छापखान्यात मला स्टिक म्हणतात. नाशकात, रविवार पेठेतल्या एका छापखान्यात, इनायत जुळाऱ्याच्या डाव्या हातात माझा जन्म गेला. तो शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा वेचायचा आणि माझ्यात उभा करायचा.

पोथ्या-पंचांगांच्या ओळी मी सहज धरत होते. मग वेणीमाधव मास्तरांचं बीजगणित आलं. मास्तरांचा हट्ट असा, की बरोबरच्या चिन्हाखाली बरोबरच यायला हवं, आणि सूत्रांचे क्रमांक उजव्या काठाला एका रेषेत. मधली जागा कोऱ्या ठोकळ्यांनी भरायची. इनायत करवादायचा. मास्तर शेजारच्या स्टुलावर बसून माझ्या कडेवर बोट ठेवायचे. "इथं, इनायत. पोरांची नजर सरळ खाली उतरली पाहिजे."

पुस्तक अर्धं झालं आणि मास्तर विषमज्वरानं गेले.

स्टुलावर कुणी बसेना. सूत्र जुळवताना इनायत मधेच थांबून तिकडं बघायचा. कडेवरचं ते बोट मलाही जाणवायचं.

प्रुफं तपासायला मास्तरांची मुलगी मालिनी येऊ लागली. एका दुपारी ती म्हणाली, "इनायतचाचा, बाराव्या सूत्रात चूक आहे. अधिक नको, उणे हवं."

"ताई, हे मास्तरांनी स्वतः पाहिलंय. अंगात ताप घेऊन आले होते."

"म्हणूनच चुकलं असेल."

"त्यांना विचारल्याबिगर कसं बदलू?"

मालिनीनं हातातली प्रुफं खाली ठेवली. मग त्या स्टुलावर जाऊन बसली. "मी पुन्हा पुन्हा करून पाहिलंय. बाबा आधी रागावले असते, मग त्यांनीही करून पाहिलं असतं. बदला."

इनायतनं ती ओळ माझ्यात परत घेतली. अधिक काढलं, उणे बसवलं.

पुस्तक छापून निघालं. माझ्या कडेवरचं बोट मात्र गेलं नाही. इनायत एकदा पुटपुटला, "मास्तर रागावलेत की अजून करून बघतायत, काही समजत नाही."

आता त्याची नजर अधू झाली. तो मालेगावला लेकीकडे असतो. मी फळीवर गंजतेय. आजूबाजूला कुणी नसलं तरी कुणीतरी एकच गणित मांडतंय, पुसतंय, पुन्हा मांडतंय, असं सारखं वाटतं.

तुमच्यापैकी कुणाला बीजगणित येत असेल, तर एकदा या फळीपाशी या. मोठ्यानं सांगा, की मास्तर, तुमच्या मुलीचं बरोबर होतं.