टाकीतली सवत

सवत बाईच असली पाहिजे असं कुणी सांगितलं? माझी सवत टाकी हाय. चिकलठाण्याला एका औषधाच्या कारखान्यामागं, पत्र्याच्या शेडखाली, सिमेंटची उघडी टाकी. कारखान्याचं घाण पाणी तिच्यात येतं, आणि तिच्यात राहणारे डोळ्याला न दिसणारे जीव ती घाण खाऊन पाणी निवळ करतात. त्या जिवांना खाऊ घालायचं, हवा द्यायची, त्यांची मर्जी सांभाळायची, हे आमच्या ह्यांचं काम. आमचे हे म्हणजे राजकुमार, सम्यकचे पप्पा.

"आज ती नाराज हाय," हे घरात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणायचे. "सकाळपासून नुसता पांढरा फेस काढतीय."

मी तापानं फणफणलेली, कपाळावर ओलं फडकं टाकून बसलेली, आणि ह्यांना दिसला काय तर तिचा फेस. मी नवी साडी नेसले तरी कळायचं नाय, पण टाकीचा रंग दुधाच्या चहावरून कोऱ्या चहावर गेला की गड्याला जेवण गोड लागत नव्हतं. कारखान्याला सुट्टी म्हणजे घाण पाणी बंद, घाण पाणी बंद म्हणजे ती उपाशी. मग सुट्टीच्या दिवशी हे पिशवीत गुळाची ढेप घालून निघायचे. तो पण कसा, पिवळाधमक, कन्नड गावच्या बाजारातून निवडून आणलेला. घरात चहाला काळा गूळ चालायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण भांडायचं कुणाशी? टाकीशी भांडणारी बाई म्हणून आमच्या हर्सूलभर नाव व्हायचं माझं.

बरं, एक सवत पुरली नाय म्हणून तिच्या जोडीला सोनिया मॅडम. त्या कारखान्याच्या लॅबमध्ये होत्या, टाकीचं पाणी तपासायच्या. माझ्यापेक्षा लहान, शिकलेल्या. त्यांचा फोन आला की हे ताटावरून उठायचे. "व्हय मॅडम, रंग झकास हाय. वास पण मातीसारखा येतोय." इतक्या मऊ आवाजात ह्यांनी माझ्या बाळंतपणात पण विचारपूस केली नव्हती. तसलं वाकडं काही नव्हतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. वाकडं असतं तर निदान सरळ भांडता तरी आलं असतं. ह्यांच्या मनातलं सगळं ऐकायला ती बाई होती, आणि घरी माझ्या वाटेला यायची नुसती कुरकुर. जळत होते मी, खोटं कशाला बोलू.

यंदा पावसाळा सरता सरता कंपनीनं नवी यंत्रणा आणायचं ठरवलं. टाकीत बारीक छिद्रांचे पडदे बसवायचे, त्यातून पाणी ओढून घ्यायचं. ते इतकं स्वच्छ निघतं म्हणे की परत कारखान्यातच वापरता येतं, मागच्या नाल्यात थेंब सोडायची गरज नाय. चांगली गोष्ट. पण पडदे बसवायला टाकी पूर्ण रिकामी करावी लागणार होती, आणि दसऱ्याच्या सुट्ट्यांत शेडची लाईट पण बंद राहणार होती. मग टाकीतल्या जिवांचं काय?

ठेकेदार म्हणाला, फेकून द्या, मी पुडीतले नवे आणतो. चालवायला माणूस पण माझाच देतो. हे म्हणाले, बाहेरचे इथं टिकायचे नायत. आपले जीव वर्षानुवर्षं ह्याच औषधाच्या पाण्यावर पोसलेत, त्यांना त्याची सवय हाय. थोडे राखून ठेवू, आधी छोट्या टाकीत वाढवू, मग मोठ्या टाकीत सोडू. घरच्या विरजणासारखं. सोनिया मॅडमनी साहेबांपुढं ह्यांची बाजू धरली. साहेब म्हणाले, ठीक हाय, तुमचे जीव वाचले तर राजकुमार नव्या यंत्रणेवर राहील. मेले तर ठेकेदाराचा माणूस येईल, राजकुमारनं पॅकिंगला जायचं.

पॅकिंगला गेले असते तर हा माणूस आतून वाळला असता. सवतीवर कितीही दात असला तरी एवढं मला कळत होतं.

दोन कॅन भरले. एक मॅडमच्या घरी गेला, एक आमच्या. झाकण काढलेला मोठा कॅन, आत तपकिरी पाणी, त्यात माशांच्या काचपेटीला लावतात तसला हवेचा पंप. पंप मॅडमनी आणून दिलेला. तो रात्रंदिवस बुडबुड करायचा. म्हणजे सवत आता माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या माठाशेजारी.

"सकाळी चमचाभर गूळ, पाण्यात कालवून," हे मला बजावत होते. "जास्त नाय. आणि हवा बंद पडता कामा नये. हवा गेली की काळं पडतं, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, मग संपलं."

"आणि मला काय घालायचं सकाळी?" मी विचारलं.

"काय?" हे म्हणाले. लक्ष कॅनकडं.

पडदे बसवायला ठेकेदाराच्या माणसांबरोबर ह्यांना दसऱ्याला पण तिथंच थांबायचं होतं. दसऱ्याला आमची माणसं पांढरे कपडे घालून बुद्ध लेणीला जातात, वंदना असते, खीर वाटतात, माहेरची माणसं भेटतात. वर्षात तेवढा एक दिवस माझा. मी पांढरी साडी इस्त्री करून ठेवलेली. सम्यक माझ्या नणंदेबरोबर रिक्षानं पुढं गेला. मी सासूबाईंना जेवायला वाढून मागून जाणार होते.

माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई. मी त्यांना आत्या म्हणते. जीवानं मायाळू, पण दारी आलेल्याला तोंड गोड केल्याशिवाय सोडायचं नाय हा त्यांचा खाक्या. सणासुदीला तर कुत्र्याला पण कोरडी भाकर टाकत नायत. मी साडी नेसून बाहेर आले तर आत्या कॅनपाशी उभ्या, हातात रिकामं पातेलं.

"आत्या, काय केलं तुम्ही?"

"खीर घातली थोडी," आत्या म्हणाल्या. "सणाच्या दिवशी पाहुण्याला नुसतं गुळाचं पाणी काय द्यायचं? ह्या घरात असं कधी झालं नाय."

पातेल्यात खीर थोडी नव्हती. दूध, साखर, तांदूळ, वेलदोडा, सगळं माझ्या सवतीच्या पोटात. मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात पंखा थांबला, आणि त्याच्या मागोमाग पंपाची बुडबुड पण थांबली. लाईट गेली.

मी थोडा वेळ वाट बघितली. शेजारच्या म्हणाल्या, मोठा फॉल्ट हाय, पूर्ण भागाची गेलीय, लवकर नाय यायची. ह्यांना फोन लावला, पण कारखान्यात फोन गेटवर जमा करून घेतात. कॅनमध्ये वाकून बघितलं. वर सायीसारखा थर आलेला, आणि वास आंबूस. मग आंबूस वासाखालून दुसरा वास यायला लागला, तो सडक्या अंड्याचा.

खरं सांगते, माझ्या मनात आलं, मरू दे. मी काय केलं? खीर मी घातली नाय, लाईट मी घालवली नाय. चप्पल घालायची आणि लेणीला निघायचं. चप्पल घातली पण होती. मग ह्यांचं तोंड डोळ्यापुढं आलं, पॅकिंगच्या पट्ट्यापुढं खोक्यांवर चिकटपट्टी लावताना. मी चप्पल काढली.

पदर खोचला आणि ताकाची रवी घेतली. घुसळायला लागले. बुडबुडे यायचे, हात थांबला की पाणी पुन्हा मुकं. रवीनं भागेना तसं दोन बादल्या घेतल्या. ह्या बादलीतून त्या बादलीत उंचावरून ओतायचं, चहा गार करतात तसं. पाणी फेसाळलं की कॅनमध्ये, कॅनमधलं परत बादलीत. पांढरी साडी तपकिरी ठिपक्यांनी भरली. आत्या दारात बसून "सोड गं आता, हात मोडतील" म्हणत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मी ओतत होते आणि तोंडानं टाकीला शिव्या देत होते. माझा नवरा खाल्लास, माझे रविवार खाल्लेस, आता माझा दसरा पण खा, म्हणलं. दुपार गेली, पोटात कावळे ओरडत होते, उजवा खांदा आधी ठणकला, मग बधिर झाला. कधीतरी माझ्या ध्यानात आलं की सडका वास गेलाय. ओल्या मातीचा वास येत होता. दिवेलागणीला लाईट आली, पंप बुडबुडला, आणि मी तिथंच फरशीवर बसले.

"खिरीचं राजूला सांगू नको बाई," आत्या म्हणाल्या. "जन्मभर बोलेल मला."

दुसऱ्या दिवशी हे आले ते थेट कॅनपाशी. हात घालून बोटं नाकाला लावली, आणि चेहरा असा उजळला की माझ्या लग्नाच्या फोटोत पण तसा नाय.

"वा," हे म्हणाले. "काय रंग हाय. लाईट गेली होती का गं इकडं?"

मी दारात उभी होते. उजवा हात वर होत नव्हता म्हणून केस पण विंचरले नव्हते. माझ्याकडं एकदा तरी बघतील म्हणून वाट बघितली. नाय बघितलं. मग माझं डोकं फिरलं. ह्यांना सांगून काय होणार? शाब्बास म्हणायचे ते, पण कॅनला.

"नाय," मी म्हणलं. "लाईट गेलीच नाय."

छोट्या टाकीत आमचे जीव वाढले, मोठ्या टाकीत रुजले. मॅडमचा कॅन मात्र वाया गेला, एवढं ह्यांनी सांगितलं. ह्यांची जागा पक्की झाली. पेढे घेऊन घरी आले आणि आत्यांच्या पाया पडून म्हणाले, "मॅडमनी तो पंप दिला नसता तर काही खरं नव्हतं. त्या पंपानं लाज राखली."

जो पंप दिवसभर मेल्यागत पडला होता, त्यानं लाज राखली. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, दुसरं काय. आत्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पेढा तोंडात टाकला. मला तोंड उघडता येईना. खरं बोलावं तर मी खोटं का बोलले ते सांगावं लागणार, आणि ते सांगायचं म्हणजे 'तुम्ही माझ्याकडं बघितलं नाय' असं म्हणायचं. एवढं खाली मी यायची नाय.

दिवाळीआधी नव्या यंत्रणेचं उद्घाटन ठेवलं. घरच्यांना पण बोलावलं होतं. काचेच्या ग्लासात आधीचं पाणी आणि नंतरचं पाणी मांडलेलं. नंतरचं आमच्या माठातल्यापेक्षा निवळ होतं, हे मला मान्य करावं लागलं. साहेबांनी सोनिया मॅडमना पुष्पगुच्छ दिला. टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात हे वाजवत होते. मी वाजवल्या नायत. वाजवायचा हात धड नव्हता, आणि असता तरी वाजवल्या नसत्या.

मग ती बाई सरळ माझ्याकडंच आली. चहाचे दोन कप घेऊन.

"जय भीम, वहिनी. लेणीला दिसला नाहीत तुम्ही दसऱ्याला."

म्हणजे ह्या गेल्या होत्या. पांढरी साडी नेसून, वंदना करून, खीर खाऊन.

"घरी काम होतं," मी म्हणलं आणि डाव्या हातानं कप घेतला.

"मी घर बंद करून आईबरोबर गेले," मॅडम म्हणाल्या. "पंप चालू हाय म्हणून निर्धास्त. परत आले तर कॅन काळा. दिवसभर लाईट नव्हती." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी जाधववाडीत राहते, वहिनी. आमची आणि हर्सूलची लाईन एकच हाय."

मी चहात बघत राहिले.

"राजकुमार म्हणाले, आमच्याकडं गेलीच नाय. मी त्यांना काही बोलले नाय. पण तुम्ही आल्यापासून बघतेय, पदर पण डाव्या हातानं सावरताय." त्यांनी कप बाजूला ठेवला. "कशानं दिली हवा? हातानं?"

ह्या बाईचा राग करायला मला किती सोपं होतं. इतके दिवस तोच धरून बसले होते. तिकडं हे नव्या कठड्यावर वाकून साहेबांना फेस दाखवत होते, ह्यांची पाठ आमच्याकडं. खांद्याचं आजवर ह्यांनी विचारलं नव्हतं. आणि विचारलं कुणी, तर हिनं. हे हिनं नको होतं विचारायला. ह्याचाच मला जास्त राग आला, आणि त्या रागात डोळे भरून आले.

मॅडमनी माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवला, अगदी हलका.

"दुखतो का अजून?"

"लई," मी म्हणलं.