दोऱ्यावरची मापं

मी एक जुनं विणकामाचं यंत्र आहे, आणि मला राग आला आहे. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तूने समाधानी असावं अशी पद्धत आहे. पण मित्रांनो, ते माझ्याच्याने होत नाही.

माझा जन्म ओसाकातल्या एका कारखान्यात झाला. पोलादी अंग, दोनशे सुया. पाक बोक-सुन या तरुण आईने मला घरी आणलं. ती आणि तिचा नवरा ओसाकातच वाढलेले कोरियन. त्यांच्या देशाचे तोवर दोन तुकडे झाले होते. १९६१ साली नवरा चार वर्षांच्या योंग-सूला घेऊन निईगाता बंदरातून बोटीने उत्तर कोरियाला गेला. तिथे घर मिळेल, काम मिळेल, असं सगळेच सांगत होते. बोक-सुनची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती मागून जाणार होती.

आई वारली. तिने तसं कळवलं. नवऱ्याचं उत्तर आलं, "आई खडखडीत बरी झाल्यावरच ये." पत्रं वाटेत उघडून वाचली जात. 'येऊ नकोस' एवढं सांगायला त्या बिचाऱ्याला मेलेल्या सासूला आजारी ठेवावं लागलं. बोक-सुन गेली नाही.

मग दर वर्षी पाकिटातून दोन दोरे येऊ लागले. एक नवऱ्याच्या छातीच्या मापाचा, एक मुलाच्या. ती ते माझ्या सुयांवर ताणून धरायची, तेवढे टाके घालायची आणि विणलेले स्वेटर पार्सलने तिकडे पाठवायची. योंग-सू मोठा होताना मी असाच पाहिला, दर वर्षी चार सुया जास्त. गल्लीतल्या बायका माझी केवढी वाहवा करायच्या!

नव्वद सालानंतर दोरे आखडू लागले. पत्रात मात्र 'आम्ही मजेत आहोत'. मोठ्या माणसाची छाती दर वर्षी कमी का होते, हे मला कळत होतं. पण सुया वगळण्यापलीकडे मी काय करणार? एका वर्षी एकच दोरा निघाला. नवरा गेला, हे तिला असं कळलं.

पुढे दोन्ही सरकारांचं बिनसलं आणि जपानहून तिकडे पार्सल जाणंच बंद झालं. माझ्यावर भाताचा कुकर आला, सुया गंजल्या. जगभर उठाठेवी करणाऱ्या सरकारांना एक स्वेटर पोचवता येऊ नये? चीड येते, दुसरं काय!

दोन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर पुण्याची सुचेता राहायला आली. नवरा आयटीत, ती जवळच्या कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, बाइतो करते, म्हणजे अर्धवेळ काम. तिने कुकर उचलला, मला तेल घातलं.

"पाक-सान, माझा दादा पुण्याहून पाठवून बघेल. तुम्ही फक्त विणा."

सत्त्याऐंशीव्या वर्षी बोक-सुन पुन्हा माझ्यापुढे बसली. शेवटच्या दोऱ्याच्या मापाचा निळा स्वेटर झाला. सुचेताने तो बांधायला नेला, आणि नवं कापड कोरं देऊ नये म्हणून आतल्या कडेला कुंकवाचं बोट लावलं. मला ओरडता आलं असतं तर!

पाच महिन्यांनी पार्सल पुण्याला परत आलं, तिथून ओसाकाला. उघडून पुन्हा चिकटवलेलं. कुंकू होतं तेवढा तुकडा कात्रीने कापून काढलेला. टाके वरपर्यंत सुटलेले.

सुचेताला रडू फुटलं. "माझ्यामुळे झालं, पाक-सान. ते मीच लावलं होतं. आमच्यात शुभ असतं."

"तपासणाऱ्याला काय कळणार? लाल ठिपका दिसला, त्याला गुप्त खूण वाटली." बोक-सुनने सुटलेलं टोक ओढलं. "उसव. पुन्हा विणू."

"लोकर कमी पडेल हो."

"पडू दे. तोही आता म्हातारा झालाय."

मित्रांनो, वस्तूंनी शेवटी काहीतरी मागायचं असतं. मला तेल नको, पुसणंही नको. तुम्ही मोठे होऊन टपाल तपासायला बसलात, तर हातातली कात्री खाली ठेवा आणि पार्सलावरचं नाव वाचा. तो माणूस अडुसष्ट वर्षांचा आहे, आणि तिकडे थंडी सुरू झाली आहे.