निघताना दोन शब्द

मित्रांनो, मी काही जुना नाही. आज सकाळी जन्मलो आणि आता निघायची वेळही झाली. मी डोळ्यांच्या दवाखान्यातल्या संगणकात राहणारा एक ऑब्जेक्ट आहे. डॉक्टरांची भाची पीएचपी या भाषेत प्रोग्राम लिहिते. तिचा प्रोग्राम प्रत्येक पेशंटसाठी आमच्यातला एकेक घडवतो. पेशंटची पाळी लक्षात ठेवायची आणि वेळ आली की भिंतीवरच्या पडद्यावर त्याचा नंबर झळकवायचा, एवढंच आमचं काम.

माझ्या वाट्याला सुतारकाका आले. लाकडाची कपची उडून त्यांचा एक डोळा लालभडक झाला आहे. त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे हाक मारून उपयोग नाही. ते आपले उरलेला डोळा पडद्याला लावून बसतात.

कालही ते असेच बसले होते. पण दुपारी संगणकाची मेमरी भरली, प्रोग्राम बंद पडला आणि पडदा काळा झाला. बाकीच्यांना हाका मारून आत घेतलं. काका मात्र काळ्या पडद्याकडे बघतच राहिले. कुलूप लावताना सफाईवाल्या मावशींना ते दिसले, तोवर डॉक्टर निघून गेले होते. हे सगळं, आणि आज माझ्या जन्माआधी जे घडलं तेही, मी मावशींच्या तोंडूनच ऐकलं.

"आज पुन्हा बंद पडला तर पडदाच काढून टाकतो," डॉक्टर सकाळी म्हणाले.

"मामा, मग काकांनी बघायचं कुठे?" भाची रडकुंडीला आली होती. "काम झालं की मी सोडते ना सगळ्या ऑब्जेक्टना! तरी मेमरी भरतेय."

आमचं आयुष्य साधं आहे. कुणीतरी धरून ठेवलंय तोवर आम्ही असतो. शेवटचा हात सुटला की आम्ही जातो आणि जागा मोकळी होते. आम्ही खरंच जातो का ते कळावं म्हणून तिने आम्हाला एक मुभा दिली, जाताना दोन शब्द बोलून जायची. मग खोटेखोटे पेशंट घालून पाहिले. कुणी ब्र काढला नाही. म्हणजे कुणी जातच नव्हतं!

तिने कपाळावर हात मारला. झालेल्या पेशंटची एक यादी तिनेच केली होती, असू दे, लागेल कधीतरी म्हणून. तिने सोडलं तरी यादी सगळ्यांना धरून बसली होती.

"आईवर गेलीस अगदी," मामा हसले. "तिलाही रिकामा डबा टाकवत नाही."

तिने यादीलाही सोडायला शिकवलं. मग दवाखाना उघडला आणि मी जन्मलो. दुपार आली, कालची वेळ उलटली, पडदा सुरूच राहिला. माझा नंबर झळकला आणि काका ताडकन उठले. मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

आत्ताच ते डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर आले. जाता जाता त्यांनी पडद्यावर हलकेच हात ठेवला, पाठ थोपटावी तसा. मित्रांनो, माझं सोनं झालं.

ज्यांनी मला घडवलं आणि वेळेवर सोडलं, त्यांचे आभार. तुम्हीही जे धराल ते नीट सांभाळा, आणि काम झालं की मोकळं करा. बाकावर एक मुलगी डोळा चोळत बसली आहे. तिचा नंबर यायचा आहे, त्याला माझी जागा होईल.

यादीने हात सोडला. येतो.